चाकाला वाहिलेल्या अक्षता

अण्णा,

परवा पुण्यातल्या एका दुकानात गळाची रिळं बघायला गेले होते. काचेच्या कपाटात दोन्ही जाती शेजारी शेजारी मांडलेल्या. एक काठीखाली टांगतं ते, मामाच्या रिळासारखं. दुसरं काठीवर आडवं बसतं ते, तुमच्या चाकासारखं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, नव्याने शिकायचं असेल तर हे टांगतं, स्पिनिंग घ्या. या आडव्याला, बेटकास्टरला, अंगठा तयार लागतो, नाहीतर गुंता होतो." तुम्ही असतात तर त्याच्याकडे असं पाहिलं असतंत की बिचाऱ्याने शटर ओढलं असतं. मी त्याला एवढंच म्हटलं, की हे ज्ञान मला मॅट्रिकच्या आधीच मिळालंय, आणि ते देणारा माणूस स्वतः रविवारच्या रविवार गुंतेच सोडवत बसायचा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. चारचौघांत मी तुमच्याबद्दल चांगलंच बोलते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण त्या माणसाशीच बोलायला कोणाची हरकत असणार?

राजूरच्या वर, धरणाच्या भिंतीजवळच्या क्वार्टरमध्ये तुम्ही ओव्हरसियर म्हणून आलात, तेव्हा आधीच्या माणसाने कपाटात टाकून दिलेलं ते चाक तुमच्या हाती लागलं. कधीकाळी कुणा इंग्रज इंजिनियरचं होतं म्हणे. आयत्या बिळावर नागोबा. पण नागोबा निदान बिळापुरता समाधानी असतो. तुम्हाला चाकाबरोबर इंग्रजाची ऐटही हवी होती. रविवारी खाकी हाफपँट, डोक्याला टोपी आणि तोंडात न पेटवलेला पाईप. न पेटवलेला, कारण तंबाखूने तुम्हाला ठसका लागायचा. आपल्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य, मग मासा उंबऱ्याच्या आत येणं शक्यच नव्हतं. कधीमधी एखादा लागलाच तर तुम्ही तो चौकीदाराला देऊन टाकायचात आणि अंगणातल्या नळावर अंघोळ करूनच घरात यायचात. "सायब लई मोठ्या मनाचं हायेत," म्हणत चौकीदार मासा शेपटीला धरून घेऊन जायचा. तुम्ही ते खरं मानायचात.

मामाचं रीळ तुमच्या डोळ्यांत सलायचं. मामा नगरला मोटारींचे सुटे भाग विकायचा. कॅम्पातल्या कुणा फौजी गिऱ्हाइकाकडून त्याने ते घेतलं आणि दिवाळीला कौतुकाने तुमच्यासाठी घेऊन आला. तुमच्या चाकात दोरा गुंडाळलेला ढोलच गरगर फिरतो. काठी झटकली की गळ पुढे धावतो, आणि गळ पाण्याला टेकायच्या क्षणी अंगठ्याने ढोल थोपवला नाही तर दोऱ्याची न विंचरलेल्या केसांसारखी जटा होऊन बसते. मामाच्या रिळात ढोल जागच्या जागी असतो, दोरा त्याच्या तोंडावरून आपसूक सुटत जातो. मामाने पहिल्याच फेकीत गळ पार लांब टाकला. तुम्ही पाईप काढून म्हणालात, "ज्यात गुंता होत नाही त्यात कसब कसलं? हे बायकांचं खेळणं आहे." मामा हसला. त्याला तुमची सवय होती. रीळ मात्र परत न नेता खुंटीला अडकवून गेला, आणि ते तिथेच राहिलं. तुमच्या त्या थोर चाकाला मला फक्त एकदा हात लावू दिलात. माझ्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून म्हणालात, "दाबू नकोस. नुसता असू दे. दोरा काय सांगतो ते ऐक." गळ सरळ गेला, गुंता झाला नाही. तुम्ही "बरं" म्हणालात आणि काठी काढून घेतलीत. एवढं एकच चांगलं शिकवलंत, म्हणून ते आजही आठवतं.

मग बहात्तर साल आलं. आपल्या डोंगरातही पावसाने हात आखडला होता. धरणाचं पाणी इतकं उतरलं, की कधी न दिसलेले खडक उघडे पडले आणि मोठे मासे उरल्या डोहात गोळा झाले. खाली रस्त्यावर दुष्काळी कामावर बायका खडी फोडत होत्या, आणि तुम्ही पडवीत बसून चाकाला तेल घालत होतात. मी त्या वर्षी मॅट्रिकला. मला नगरला कॉलेजात जायचं होतं. तुमचं म्हणणं, मुलगी दुसऱ्याच्या घरी ठेवायची नाही, नगरला बदली झाली तर शिकेल, नाहीतर स्थळं पाहू. बदली साहेबांच्या हातात होती. दसरा झाला की ते पाण्याची पाहणी करायला यायचे होते, आणि त्यांना गळाचा नाद होता. तुमचा बेत ठरला. साहेबांच्या गळाला महाशीर लागला, ते खुशीत आले, की तिथेच काठावर बदलीचं बोलायचं. माझं कॉलेज एका माशाच्या तोंडात होतं.

खंडेनवमीचा दिवस मला लख्ख दिसतो. आई पाट मांडते आहे. पाटावर विळी, अडकित्ता, तुमची मोजणीची फीत आणि मधोमध ते चाक, चांदीची वाटी ठेवावी तसं मखमलीच्या तुकड्यावर. आई कुंकवाची कोयरी उचलते तर तुम्ही तिच्या हातातून घेता. "चाकाला तू हात लावू नकोस. नाजूक यंत्र आहे." आई काहीतरी पुटपुटते, तुम्ही तिला काहीतरी सुनावता, ते मला ऐकू येत नाही. तुम्ही मोठ्याने मंत्र म्हणता, हळद वाहता, कुंकू वाहता, फूल वाहता आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभर उधळता, लग्नात नवरदेवावर टाकाव्यात तशा. विळीच्या वाट्याला दोन दाणे. मग उदबत्ती ओवाळून तुम्ही मागे सरता आणि स्वतःच्याच पूजेकडे कौतुकाने बघता.

साहेब आले ते दसरा उलटून गेल्यावर. बिचारे साधे गृहस्थ होते, बायकांशी अदबीने बोलणारे. डोहाच्या काठावर सतरंजी टाकली होती; आई आणि मी चहाची किटली आणि पोहे घेऊन आलो होतो. साहेबांनी गळ फेकला आणि जटा झाली. तुम्ही ती सोडवलीत. पुन्हा फेकला, पुन्हा जटा. साहेब ओशाळले. "मला टांगत्या रिळाची सवय आहे हो," ते म्हणाले. आई हळूच म्हणाली, "भाऊचं रीळ आहे की घरात. आणू का?" घर हाकेच्या अंतरावर होतं. तुम्ही तिच्याकडे पाहिलंही नाहीत. "साहेब, खरा मासेमार याच चाकावर ओळखला जातो," असं म्हणून चाक उलटं केलंत, तळहातावर दोनदा ठोकलंत, दोरा नीट गुंडाळलात आणि काठी परत त्यांच्या हातात दिलीत. या वेळी गळ सरळ गेला, आणि पाण्यात जो हिसका बसला त्याने साहेब एक पाऊल पुढे ओढले गेले. "महाशीर हाय, लई मोठं जनावर हाय," चौकीदार ओरडला. साहेबांनी मूठ चार-पाच वेळा फिरवली. मग कर्र असा आवाज झाला आणि मूठ जागच्या जागी थांबली. ना पुढे, ना मागे. काठी वाकली, दोरा तटकन तुटला, आणि पाणी होतं तसं झालं.

तुम्ही रुमाल पसरून चाक उघडलंत. दोरा सारखा पसरवणारी जी मळसूत्राची दांडी असते, तिच्या खाचेत तांदळाचा लाल दाणा अडकून चिरडला होता. साहेबांनी वाकून विचारलं, "हे काय?" अण्णा, तुम्ही तेव्हा क्षणभरही थांबला नाहीत. "बायकांच्या हातात वस्तू गेली की असंच व्हायचं, साहेब. आमच्या मंडळींनी खंडेनवमीला पूजा केली." साहेब हसले, मनापासून हसले, म्हणाले, "वहिनी, माशाच्या लग्नाच्या अक्षता आमच्या चाकात टाकल्यात की." आई किटली धरून उभी होती. तिने खाली बघत म्हटलं, "चुकलं माझं." मी तोंड उघडणार होते. तिने माझ्या हातात कप दिला. "साहेबांना चहा दे." मी चहा दिला. बदलीचं तुम्ही काढलंच नाहीत, काढायची छातीच झाली नाही. पडलो तरी नाक वर असं म्हणतात. तुमचं नाक वर राहायला आईला पडावं लागलं. त्या दिवशी तुमच्याबद्दल माझ्या मनात जे काही उरलं होतं ते संपलं, आणि ते पुन्हा कधी आलं नाही. तुमच्या आजारपणात मी तुमचं सगळं केलं, पण ते कर्तव्य म्हणून केलं. तुम्हाला ते कळलं होतं की नाही, माहीत नाही.

साहेबांची जीप गेली. आई स्वयंपाकघरात स्टोव्हला पंप मारत होती. तुम्ही दारात येऊन काहीतरी बोलायला लागलात, तर ती पाठ न वळवता म्हणाली, "पोरीला जूनमध्ये नगरला पाठवायचं. भावाकडे राहील." तुम्ही म्हणालात, "परक्याच्या घरी?" ती म्हणाली, "मी विचारत नाहीये." स्टोव्ह भणभणला आणि तुम्ही पडवीत जाऊन बसलात. जूनमध्ये राजूरच्या स्टँडवर मी तिला विचारलं, तू तेव्हा गप्प का बसलीस? ती म्हणाली, "साहेब संध्याकाळी जाणार होते. आपल्याला यांच्याजवळ राहायचं होतं." निरोपाला तुम्हीही आला होतात. मामाचं रीळ वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकलंत. "घे. तुझ्यासारख्यांचं आहे." ते रीळ मी मुळा धरणाच्या फुगवट्यावर किती वर्षं वापरलं. एकदाही गुंता झाला नाही. लागलेला मासा मी सोडून देते; त्यासाठी मला हाफपँट लागत नाही आणि परत येऊन अंघोळही करावी लागत नाही. रीळ अखेर झिजलं म्हणून परवा दुकानात गेले होते.

काल खंडेनवमी होती. आई आता माझ्याकडेच असते, नव्वदीला टेकली आहे. पाटावर मी विळी, गाडीची किल्ली, लॅपटॉप आणि नवं चाक ठेवलं. तिने खुर्चीतूनच वाकून चाकाला कुंकवाचं बोट लावलं. मी अक्षतांची वाटी पुढे केली तर तिने ती हातानेच मागे सारली. "नको. आत जातात." मग ती चाकाकडे बघत म्हणाली, "तेव्हाही सांगितलं होतं त्यांना. कोयरी काढून घेतली तेव्हाच. म्हणाले, यंत्रातलं तुला काय कळतंय." इतक्या वर्षांत ती याबद्दल पहिल्यांदा बोलली. तेव्हा ती काय पुटपुटली होती ते मला काल कळलं, अण्णा. तुम्हाला तर त्याच दिवशी कळलं होतं. खाचेतला दाणा दिसला तेव्हा तुम्हाला नुसतं माहीत नव्हतं की पूजा तुम्ही केलीत. तिने सांगितलेलं तुमच्या कानात होतं. आणि तरी तुम्ही तिचं नाव घेतलंत.

हे पत्र कुठे टाकायचं, याचा मी विचारही केलेला नाही. तुमच्या पत्त्यावर टपाल जात नाही, आणि जात असतं तरी तुम्ही ते वाचून आईने लिहिलंय म्हणून सांगितलं असतं. एक मात्र राहिलं. पूजा झाल्यावर आईने चाक हातात घेऊन नीट पाहिलं, काठीवर आडवं बसणारं, ढोल फिरणारं, आणि अंगठा ढोलावर ठेवून बघितला. "हे त्यांच्यासारखंच आणलंस होय?" तिने विचारलं. मी म्हटलं, दुसरं संपलं होतं दुकानात.

संपलेलं नव्हतं.