घास उतरेपर्यंत

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. जेवून लगेच पालथं पडायला मला डॉक्टरांनी बंदी केली आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींना रात्री झोप लागते, की अजून टीव्हीसमोरच लागते? परवा फोनवर तू विचारलंस, हा खोकला कसला, आणि मी म्हणालो, दुकानातल्या कापसाचा. कापसाचा नव्हता. खरं काय ते पत्रात लिहितोय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

तुला आठवतच असेल, मी जन्मलो तेव्हा माझी अन्ननलिका घशातून निघून छातीतच संपली होती, ठेकेदार पळून गेल्यावर राहिलेल्या पुलासारखी. सर्जननी ती दुसऱ्याच दिवशी जोडली. तू तेव्हा आठ वर्षांची, आणि ‘आमच्या बाळाचं फिटिंग राहिलंय’ असं शाळाभर सांगून आलीस. सर्जन आईला म्हणाले, जोडलंय, आता विसरून जा. आपलं घराणं आज्ञाधारक, आपण साफ विसरलो. विसरला नाही तो माझा घास. तो अजून त्या सांध्यापाशी येऊन उभा राहतो, पाहुण्याने उंबऱ्यावर घुटमळावं तसा. मग मी घोटभर पाणी पितो आणि छताकडे बघत बसतो. त्या वेळात काय काय दिसतं म्हणून सांगू! ओल आलेल्या छतावर बेटं उगवतात, बेटांवर दिवे लागतात, मी एखाद्या हलक्याशा गादीवर पडून त्यांच्यामधून वाहत जातो, आई काठावर उभी असते आणि हसते. घास उतरला की पुन्हा ताट, पुन्हा भाजी. हिच्या वडिलांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते असंच, वर डोळे लावलेलं. घरी जाऊन म्हणाले, मुलगा फार विचारी आहे. (त्या विचाराचं नाव बटाटा होतं.)

तर गेल्या महिन्यात दुकानात डबा खाताना सफरचंदाची फोड अशी अडकली, की पाणीसुद्धा वरच्या वर परत आलं. नेमकं तेव्हाच एक जोडपं गादी बघायला आत शिरलं. मला बोलता येईना, उभं राहता येईना. मी मुकाट्याने नमुन्याच्या गादीला टेकलो, उशी पाठीशी घेतली आणि वर बघत राहिलो. बऱ्याच वेळाने फोड उतरली. तोवर ते दोघं कुजबुजत होते, काय शांतता आहे हो यांच्या चेहऱ्यावर! दोन गाद्या घेऊन गेले. मालकांना वाटलं, ही विक्रीची नवी तऱ्हा. त्यांनी कौतुकाने हिला फोन केला आणि माझं बिंग फुटलं. ही दुसऱ्या दिवशी मला धरून इस्पितळात.

मोठ्यांच्या विभागातले डॉक्टर म्हणाले, हे लहान मुलांचं दुखणं आहे, तिकडे जा. लहान मुलांच्या विभागात मी पिवळ्या खुर्चीत बसलो. (बसलो तो बसलोच. उठलो तेव्हा खुर्चीही उठली.) खिडकीतल्या बाईंनी वर न बघताच विचारलं, “बाळाचं वजन?”

“ब्याऐंशी किलो,” ही म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. उठून आम्हाला दोन इमारतींना जोडणाऱ्या बोळातल्या एका खोलीशी घेऊन गेल्या. तिथे एक डॉक्टरीणबाई नव्यानेच आमच्यासारख्या वाढलेल्या बाळांना बघतात. त्या म्हणाल्या, ऑपरेशनं छान झाली, मुलं जगली, मोठी झाली आणि मग त्यांच्याकडे बघायचंच राहून गेलं. पोटातलं आम्ल वर येत राहतं, नळीचं अस्तर बदलतं, म्हणून अधूनमधून आत डोकावायला हवं.

पण ताई, मला सांगायचंय ते त्या खोलीबाहेरच्या बाकाचं. तिथे चौघं बसली होती. एक बसचालक बाई, एक गणिताचे मास्तर, एक शिंपी, एक आजोबा होऊ घातलेले गृहस्थ. कुणीतरी बिस्किटं पुढे केली. सगळ्यांनी एकेक घास घेतला, एकेक घोट पाणी प्यायलं आणि सगळेच छताकडे बघू लागले. मीही. कुणी कुणाला विचारलं नाही, काय झालं म्हणून. मग मास्तर खोकले, आणि तो माझाच खोकला होता गं, तोच भुंकल्यासारखा, दुसऱ्याच्या छातीतून आलेला. इतकी वर्षं मला वाटत होतं, या प्रकारचा जगात एकच नग काढला असावा. त्या बाकावर मला उगाचच वाटलं, आम्ही सगळे एकाच बेटावरचे आहोत.

मला गुंगी देऊन कॅमेरा आत सोडला. (गुंगीत मी भूलतज्ज्ञांना एक गादी विकल्याचं कळतं. माल पाठवायचाय.) सांधा अरुंद झाला होता, तो फुग्याने रुंद केला आणि अस्तराचा एक कण तपासायला घेतला. निकाल येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. मी वर बघायचो आणि नुसतं छत दिसायचं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दुकानात फोन करून सांगितलं, वाईट काही नाही. आम्लावर गोळी घ्या, उशाशी चढ ठेवून झोपा आणि दर वर्षी येत जा. दुकानातून बाहेर पडून मी फूटपाथवरच बसलो आणि रडलो. मग आत जाऊन एक उशी विकली.

आता सगळं उत्तम आहे. मी मुळीच घाबरलो नव्हतो. तू काळजी करू नकोस आणि धावतपळत येऊ तर अजिबात नकोस. भावोजींना नमस्कार.

तुझा,
फिटिंग राहिलेला भाऊ

ता. क. फुगा एकदा फुगवून भागत नाही म्हणे. पुढच्या मंगळवारी पुन्हा आहे. किरकोळ.

ता. क. २. घरच्या कुणाला तरी बाहेर बसावं लागतं. ही आहेच. पण दोघं असली तर बरं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. (म्हणाल्या नाहीत. मी म्हणतोय.)

ता. क. ३. वन्सं, पाकिटात घालण्याआधी मी हे वाचलं. गुंगीत यांनी गादीबिदी कुणाला विकली नाही. अख्खा वेळ ‘ताई, ताई’ करत होते. माझं नाव एकदाही नाही, त्याचं नंतर बघते. सोमवारच्या गाडीचं तिकीट सोबत ठेवलंय. एक हात तुम्ही धरा, एक मी धरते. उरलेला घसा डॉक्टरीणबाई बघतील.