सात नंबरच्या मशीनवरच्या गाठी

१० जानेवारी

चि. सौ. भिंगरीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पाळणा लांबवायच्या गोळ्यांनी डोकं दुखतं, मळमळतं, शिवण वाकडी जाते, असं लिहितेस. मग ती ब्याद घरात ठेवतेसच कशाला? मी कधीच सोडल्या. दिवस मोजले की भागतं. माझं पाच वर्षं भागलंय. दुसऱ्या बाळंतपणात तू मरणाच्या दारातून परत आलीस हे विसरलेले नाही, म्हणून नीट मोज. भावोजींनाही सांगून ठेव. तसे गरीब आहेत बिचारे, तुझ्यापुढे तोंड उघडायची त्यांची टाप नाही.

पोरांचे पापे घे. माया आहे तशीच राहू दे, उत्तराचा आळस करू नकोस.
तुझी ताई

२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकून गोळ्या बंद केल्या. हे म्हणाले, मी सांभाळून घेईन. आमच्या शिवणाच्या कारखान्यात शर्टांना काजं करते ती माझी जिवाभावाची काजेवाली, तिने तिथली युक्ती शिकवली. मशीनच्या दांडीला लाल दोरा, पाळी आली की नवा, आणि रोज एक गाठ. आम्ही चौघी तसंच करतो. सुपरवायझरला वाटतं, बायकांची हौस. हे मात्र घरी आल्यावर गाठी किती झाल्या तेवढंच विचारायचे. त्यांचं सांभाळणं ते एवढंच.

मार्चमध्ये माझं सात नंबरचं मशीन बिघडलं. मिस्त्रीने सुट्टीच्या दिवशी आमच्यातल्याच दुसरीचं आणून माझ्या जागी ठेवलं. दोरा लाल, गाठी तशाच. मी तिच्याच गाठी माझ्या समजून मोजत बसले, आणि हिशोब चुकला.

तिसरा महिना लागलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिसरं नको हे बजावलं होतं ना. आता पाडायलाही धोका, ठेवायलाही. हे म्हणतात, होईल सगळं ठीक. ताई, मला फार भीती वाटते.

लोभ कमी करू नकोस.
भिंगरी

१९ ऑगस्ट

चि. सौ. भिंगरीस,
आशीर्वाद कुठल्या तोंडाने देऊ?

भावोजींचं पत्र आलं. सहाव्या महिन्यात मुलगी गेली, पिशवी काढावी लागली, तू वाचलीस. काजेवालीला त्यांनी कारखान्याच्या दारात नाही नाही ते सुनावलं, तेही त्यांनीच लिहिलंय.

आज खरं सांगते. माझं भागलं नव्हतं. दोनदा दिवस गेले, दोनदा गुपचूप दवाखान्यात जाऊन आले. थोरली ना मी, लाज वाटली. भावोजींना कळवू का, की गोळ्या सोडायला मीच सांगितलं?

जमलं तर दोन ओळी लिही.
ताई

५ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.

यांना काही कळवू नकोस. गोळ्या काजेवालीने सोडायला लावल्या असं ते धरून बसलेत, आणि मी त्यांना तसं धरून बसू दिलं. तुला वाचवलं, तिला नाही. ती आता समोरून येते आणि मान खाली घालून जाते. चूक माझी असून मीच तिला हाक मारत नाही.

कामावर जाते. दोरा सोडून टाकला. मोजायला काही उरलेलं नाही.

मुलीला मी पाहिलं. नाक तुझं होतं.

रागावले नाही. पण ऑगस्टात लिहिलंस ते जानेवारीत लिहायला हवं होतंस, ताई. पुढच्या पत्राला वेळ लागेल, वाट पाहू नकोस.

तुझीच,
भिंगरी