घड्याळाच्या भिंतीकडे

३, सोमवार
माझ्या ओट्यावर चिखलाची बरणी! वास असा की एका हाताने नाक धरा नि एका हाताने भांडी घासा. नात म्हणते, "आजी, हात लावू नकोस. तळ्यातला गाळ आहे, अभ्यासाचा." कॉलेजात जागा नाही म्हणून मायक्रोस्कोपही घरी आणलाय. जेवायचं टेबल गेलं!

५, बुधवार
बरणी सांडली माझ्या हातून. सगळं मोरीत. मागच्या हौदाच्या तळातला गाळ घेतला, बरणीवरच्या रेघेपर्यंत भरून ठेवला. चिखल तो चिखल.

८, शनिवार
नात किंचाळली. मला वाटलं विंचू! "आजी, डोळा लाव." लावला. थेंबात बारीक ठिपके, सगळे एकाच कडेला धावतायत. काच फिरवली — तरी घड्याळाच्या, म्हणजे उत्तरेच्या, भिंतीकडेच! तिने चुंबक धरलं, तर उलटे पळाले. इतकं ऐकणारं या घरात दुसरं कोणी नाही.

तिच्या वहीत जंतूंच्या आकारांचे तीन रकाने: गोल, काडी, मळसूत्र. हा ठिपका कशातच बसेना. "जंतूच आहे, पण असा कुठल्याच पुस्तकात नाही." डोळे नाहीत, पाय नाहीत, मग यांना भिंत कळते कशी? डोकं गरगरलं. बरणीचं बोलले नाही. तळ्यातही असतीलच की. असतील ना?

१४, शुक्रवार
तिच्या शिकवणाऱ्या बाई स्वतः तळ्यावर जाऊन आल्या. तीन ठिकाणचा गाळ तपासला. एकही नाही!

१५, शनिवार
नात जेवली नाही. बाई म्हणाल्या, "नाव व्हावं म्हणून रचलंस." सोमवारी सगळ्यांसमोर जाब द्यायचाय. अभ्यासच बंद करतील म्हणे. माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात सगळे. आज नेमकी टाळूला चिकटली.

१६, रविवार
नात आंघोळीला गेली तशी हौदाच्या तळातला थेंब काचेवर घेतला. तिच्यासारखं चाक फिरवलं. नुसतं धुकं. मग ठिपके. चुंबक धरलं.
पळाले!

१७, सोमवार
सकाळीच बरणीचं सांगून टाकलं. नात म्हणाली, "आजी, हौदाचा तळ कधी घासलास?" तुझे आजोबा होते तेव्हा, म्हटलं. हसावं की रडावं तिला कळेना. मलाही.
हौदातल्या गाळाने बादली भरली आहे. मी नातीबरोबर कॉलेजात जातेय. बाईंनी जे विचारायचं ते मला विचारायचं. नातीने तोंड उघडायचं नाही.