धाकटीला काय द्यायचं

आई, पुढच्या रविवारी धाकटी पन्नास वर्षांची होईल आणि तिला काय द्यायचं ते मला कालपर्यंत ठरवता येत नव्हतं. परवापर्यंत तीन दिवस दुकानं पालथी घातली. मारुती मंदिरापासून रामआळीपर्यंत फिरले, कानातली पाहिली, पर्स पाहिल्या, जाड बुडाचा चांगला कुकरसुद्धा पाहिला आणि रिकाम्या हाताने घरी आले. येताना रिक्षात मला तुझाच राग आला. तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली, इतक्या वर्षांनी आईवर चिडणं बरं दिसत नाही. पण चिडले आहे खरी, आणि हे दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुलाच लिहितेय.

आपल्याकडे खेळण्यांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात लाकडी भातुकली, चावी हरवलेलं माकड आणि एकच डोळा मिटणारी बाहुली. हे सगळं आधी मामेबहिणीचं, मग माझं, आणि धाकटी रांगायला लागल्यापासून 'दोघींचं'. हा शब्द तुझा. बाबा बोटीवर, वर्षातून एकदा घरी येणार, येताना एकच वस्तू आणणार, आणि तू ती त्यांच्या हातातून घेऊन म्हणणार, "दोघींचं आहे हां." त्यामुळे धाकटीचं स्वतःचं असं काही कधी झालंच नाही. माझं जे होतं तेही माझं राहिलं नाही, पण ते मी कधी बोलून दाखवलं नाही, कारण मी मोठी होते.

तिच्या पाचव्या वाढदिवसाला तू माझी तीनचाकी सायकल मागीलदारी नेलीस, खिडक्यांना लावून उरलेला हिरवा रंग फासलास आणि नवी म्हणून तिला दिलीस. मला आधीच दम भरला होतास, "तोंड उघडायचं नाही." मी उघडलं नाही. पण धाकटीने सीटखाली हात घातला. तिथे मी कधीतरी खिळ्याने माझ्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं होतं, आणि तुझा ब्रश तिथवर पोचला नव्हता. तिने वाकून पाहिलं. मला वाटलं, आता ही भोकाड पसरणार. ती म्हणाली, "ताई, ही तर तुझी आहे," आणि इतकी खूश झाली की तुला हसू फुटलं. मी मात्र धुमसत होते. जिला फसवलंय तिने असं खूश होऊ नये, असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं.

मग पुढच्या वर्षीचा तिचा वाढदिवस. ऐंशी साल उलटून दोनच वर्षं झाली असतील. मे महिना, तू मिरजोळ्याला आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात जातेस, हंगाम भरात आहे आणि सुट्टी मागायची सोय नाही. आंब्याच्या चिकाने तुझ्या बोटांची पेरं भाजून काळी पडली आहेत. सकाळी डब्याचं झाकण लावता लावता तू माझ्या हातात एक नोट ठेवतेस आणि म्हणतेस, "तिला काय हवंय ते माझ्यापेक्षा तुला कळतं. तूच आण." दहा वर्षांच्या आयुष्यात एवढं मोठं काम मला कोणी सांगितलं नव्हतं. मी केसांना तेल लावून, चापूनचोपून वेणी घालून रामआळीत गेले.

"काय गो बाय, कोणासाठी?" दुकानदाराने विचारलं.

"धाकट्या बहिणीसाठी."

त्याने चेंडू काढला, उड्या मारायची दोरी काढली, सापशिडी काढली. मी एकेक वस्तू हातात घेऊन मनाशी एकच विचारत होते, हे मला खेळता येईल का? येणार असेल तर नको. चेंडूला दुसरी लागते, सापशिडीला लागते, दोरीचं दुसरं टोक धरायलाही कोणीतरी लागतंच. शेवटी काचेच्या कपाटात माउथऑर्गन दिसला. तोंडाला लावायची वस्तू. एकीने लावली की उष्टी झाली, आणि दुसऱ्याच्या तोंडचा पेला घेऊ नये हे तर तूच आम्हाला शिकवलं होतंस. मी तो बांधून घेतला. फुंकून बघायची फार इच्छा होत होती, पण घरापर्यंत एकदाही कागद उघडला नाही. धाकटीला आयुष्यात पहिल्यांदा एक कोरी वस्तू मिळणार होती आणि ती मी निवडली होती.

संध्याकाळी तू आलीस, पाय धुतलेस आणि लगेच शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतलास. मी स्टोव्हपाशी जाऊन कागद सोडला.

"हे काय गो आणलंस?"

"माउथऑर्गन."

"आणि ती वाजवेल तेव्हा तू काय तिच्या तोंडाकडे बघत बसशील?"

"तो तिचा आहे. एकटीचा."

"या घरात एकटीचं काही नसतं. किती वेळा सांगायचं?"

"का नसतं? तिला कधीतरी काहीतरी मिळू दे की एकटीला."

तुझा हात कढईत थांबला. मला वाटलं, आता उलथनं बसणार. तू आवाजसुद्धा चढवला नाहीस. "मोठी आहेस ना, मग तिला वाटून घ्यायला शिकव," तू म्हणालीस. "तोडायला शिकवू नकोस." मग तू तो माउथऑर्गन माझ्या हातून घेतलास, धाकटीला हाक मारलीस आणि माझ्यासमोर तिच्या हातात दिलास. "घे. ताईने आणलाय. दोघींनी वाजवा. एकीचं झालं की पाण्याखाली धरायचा आणि मग दुसरीने घ्यायचा." तूच घातलेला उष्ट्याचा नियम तू एका वाक्यात मोडून टाकलास. रवा करपला होता. तोच शिरा आपण खाल्ला.

मीही हट्टाला पेटले. त्या वस्तूला तोंड लावायचं नाही असं ठरवून टाकलं. धाकटी दोनदा फुंकायची, नळाखाली धरून फ्रॉकला पुसायची आणि माझ्यापुढे करायची, "आता तू." मी म्हणायचे, "मला नको. तुझा आहे." ती पुन्हा दोनदा फुंकायची, पुन्हा पुसायची, पुन्हा, "आता तू." चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी ती तुझ्याकडे रडत आली, "ताई माझ्याशी खेळत नाही." मी तिला समजावून थकले की अगं, हा तुझा आहे, फक्त तुझा, हवा तेवढा वाजव. तिला यातलं काही कळत नव्हतं. मी तिला काहीतरी देतेय असं मला वाटत होतं आणि तिला वाटत होतं की मी तिच्यावर रुसलेय. आठवड्याने तो माउथऑर्गन पत्र्याच्या डब्यात, माकडाशेजारी पडला.

नंतरचा एक दिवस मी तुला कधी सांगितला नाही. कारखान्याला अर्धी सुट्टी होती. मी मैत्रिणीकडून घरी आले तर पुढचं दार नुसतं लोटलेलं. आत शिरले आणि मागीलदारातून सूर ऐकू आले. तू पायरीवर बसली होतीस, धाकटी तुझ्या शेजारी. ती दोनदा फुंकायची आणि तुझ्यापुढे करायची. तू पदराने पुसून, डोळे मिटून फुंकायचीस, गाल फुगवून. तुझी ती काळी पडलेली बोटं माउथऑर्गनभोवती फार जपून धरलेली होती. मग तू म्हणायचीस, "आता तू." तुला काहीच वाजवता येत नव्हतं आणि तुम्ही दोघी हसत होतात. त्याआधी तुला खेळताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी दाराच्या आड उभी राहिले. वाटलं, तू मान वळवशील, मला बघशील, हाक मारशील. मी गेले असते, आई. नुसतं "ये गो" म्हटलं असतंस तरी हट्ट सोडून आले असते. तू मान वळवली नाहीस. मी पुढच्या दाराने बाहेर पडले आणि मुद्दाम चपला वाजवत पुन्हा आत आले. तोवर तू स्टोव्हपाशी होतीस.

परवा मी चिपळूणला फोन करून धाकटीला सरळ विचारलं, "पन्नाशीला काय देऊ? लाजू नकोस, माग."

"तुझी ती राखाडी साडी दे ना. पदराला नक्षी असलेली."

"अगं, ती सहा वर्षं नेसतेय मी. जुनी झालीय."

"म्हणून तर. नवी साडी मला नेसवत नाही गं ताई, घडी मोडायलाच भीती वाटते. तुझी कशी आधीच मऊ झालेली असते."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन उगाच भांडी आपटली. पन्नास वर्षांची बाई, बँकेत नोकरी करते, स्वतःचं घर आहे, आणि वाढदिवसाला माझी जुनी साडी मागते. तिचं हे असं तूच केलंस, असं मी भांड्यांना ऐकवत होते.

तरी काल दुकानात गेलेच. एक सुती साडी घेतली, बदामी, बारीक किरमिजी काठाची. आल्याबरोबर दोनदा धुतली, वाळवली आणि आज सकाळपासून तीच नेसून घरातली सगळी कामं करतेय. आमटीला फोडणी देताना पदरावर हळद उडाली, ती मुद्दाम नीट घासली नाही. रविवारपर्यंत रोज नेसणार आहे, म्हणजे तिला जुनी म्हणून देता येईल. ती फसेल आणि खूश होईल, आणि या वेळी फसवणारी मी असेन.

हे तुला कुठे पाठवणार? इथे टेबलावरच राहील. एक मात्र सांगते, कारण तुला ते लगेच कळलं असतं. दिवसभरात ही साडी अंगाला इतकी छान बसली आहे की आता ती द्यायचं माझ्या जिवावर आलंय.