पाच जणांत एकच खोली

मंगळवार, ११ मार्च. नास, आयर्लंड.

बँकॉक पक्कं! आई-बाबा नागपूरहून येणार, आम्ही तिघं इथून. चार वर्षांनी भेट! पण स्वस्तात बसवायचं म्हणून नवऱ्याने पाच जणांत एकच खोली घेतलीय, बंक बेडवाली. मी उखडलेच त्याच्यावर. जावयासमोर माझे बाबा घोरणार? आईला चालेल? आमची इरा मात्र घरभर नाचतेय. "ग्रँड! टॉप बंक इज माइन!"

शेवटी धीर करून आईला फोन लावला. एकच खोली म्हटल्यावर तिने विचारलं, "एकच?" मेलेच मी. घाईघाईने म्हटलं, "दुसरी बघते ना, थांब."

"दुसरी कशाला?" आई म्हणाली. "तुझ्या शेजारच्या बेडवर कोण झोपणार, ते सांग आधी."