तैवोला नाक नव्हतं

इसेयिन, ४ फेब्रुवारी १९८४

चि. इदोवूस,

अनेक आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. मनात एकही नाही.

काल तैवोला अंघोळ घातली. साबण लावताना सवयीने अंगठा तिच्या डोळ्यांखाली गेला आणि नाकाला अडला. नाकाला! अरे, आपल्या तैवोला नाक कुठे होतं? माझी जुळी बहीण गोवरात गेली, तेव्हा आईने तिची लाकडी मूर्ती घडवून घेतली आणि स्वतः जाईपर्यंत तिला न्हाऊमाखू घातलं. नाक, ओठ, गालांवरच्या कुळाच्या रेघा, सगळं आईच्या हाताखाली झिजून गुळगुळीत झालं होतं. नाताळात तू आलास, भुंगा लागलाय म्हणालास आणि औषध लावायला तिला लागोसला घेऊन गेलास. परत आणलीस ती ही नाकवाली टवळी! वर लाल भुकटी फासून, पामतेल चोपडून, जुनी दिसावी म्हणून.

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, धुळीच्या थंड वाऱ्यात मी तिला अंघोळ घालत नाही, हे सगळं हिशेबात धरूनच तू हा उद्योग केलास. आणि मी मूर्ख, इतके दिवस एका परकीला चवळी भरवत बसले. जुळ्यांतली गेलेली उपाशी राहिली की जिवंत असलेलीला बोलावून घेते, हे तुला मी सांगायला नको. माझं अंग आत्ताच कसकसतंय. माझी बहीण कुठे ठेवलीस ते कळव, आणि येत्या शनिवारच्या मोटारीने तिला घेऊन ये.

लोभ होता. यापुढे राहील की नाही ते तुझ्या हातात.

तुझी बहीण,
केहिंदे


लागोस, १२ फेब्रुवारी १९८४

ती. केहिंदेताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझ्या शिव्या सुखरूप पोचल्या.

तैवो आमच्या संग्रहालयात आहे, काचेच्या पेटीत, चांगल्या दिव्याखाली. देशोदेशी देव कसे घडवतात याचं प्रदर्शन मांडलंय. मी इथे इतकी वर्षं नोकरी करतो, पण वरिष्ठांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली ती या मूर्तीमुळे. शेजारच्या दालनात श्रीलंकेचे बुद्ध आहेत. त्यांच्याबरोबर भिक्खू आले होते, त्यांनी काही कुणावर चोरीचा आळ घेतला नाही. ते सांगत होते की त्यांच्याकडे मूर्तीचे डोळे सगळ्यांत शेवटी रंगवतात, तोवर ती नुसती माती. मग आपली तरी काय, लाकूडच ना?

आणि आता विषय काढलाच आहेस तर ऐक. नवं कापड आधी तिला. चवळीचा पहिला घास तिला. मी भुकेने रडलो की आई म्हणायची, थांब, ताई जेवतेय. जिला पोटच नव्हतं अशी ताई! बाजारात जाताना आईच्या पाठीला बांधलेली असायची ती, आणि मी मागून धूळ खात पायी. जुळ्यांच्या पाठीवर जन्मतो तो इदोवू, आणि तो जन्मला नाही तर आईला वेड लागतं म्हणतात. आपल्या आईला मी असूनही लागलं होतं.

आता जन्मात पहिल्यांदा ती माझ्या उपयोगी पडतेय, तर पडू दे. मी तिला आणणार नाही. तुझ्याकडे आहे ती तिच्यापेक्षा देखणी आहे, तिलाच भरव.

असलेला लोभ वाढवू नये, मला झेपत नाही.

तुझा,
इदोवू


इसेयिन, २५ फेब्रुवारी १९८४

इदोवू,

चिरंजीव लिहीत नाही. का, ते पुढे वाच.

परवा मी बाजारात गारीचा रवा विकत बसले होते. आपलं शेंडेफळ, अलाबा, लागोसहून मोटारीतून उतरली, मला पाहिलं आणि हातातली टोपली टाकून भर बाजारात भोकाड पसरलं. माझे गाल चाचपले, हात चाचपले. मी म्हटलं, बाई, काय झालं? तर म्हणाली, इदोवूचं प्रदर्शन बघून आलेय. काचेच्या पेटीत तैवो आहे आणि तिच्या शेजारी दुसरी, नवीकोरी, नाकाडोळ्यासकट. खाली पाटी आहे, जुळ्या बहिणी. सबंध वाट ती माझ्यासाठी रडत आली होती.

म्हणजे तू एक नाही, दोन घडवून घेतल्यास! एक मला फसवायला, दुसरी तिच्या शेजारी ठेवायला. जोडी असली की साहेबलोकांना बरी दिसते, असंच ना? अरे करंट्या, इसेयिनच्या शेंबड्या पोराला विचार. एक मूर्ती म्हणजे एक गेली. दोन मूर्ती म्हणजे दोघी गेल्या. सख्ख्या बहिणीला जिवंतपणी मारून दिव्याखाली उभी केलीस!

त्या भिक्खूंचं कौतुक मला सांगू नकोस. अलाबाने त्यांना बुद्धापुढे फुलं ठेवताना पाहिलं. तू तैवोपुढे चवळीचा एक दाणा ठेवलास? त्यांची मूर्ती डोळे रंगवले की जागी होते. आपली जागी होते नाक झिजलं की. आणि आई तुला पायी चालवायची, कारण तुला पाय होते. तिला नव्हते रे.

असो. तू मला मेलेल्यांत काढलंस, तर मी मेलेय. आता दोघींना तूच जेवू घालायचं. तैवोला चवळी मऊ लागते, तेल सढळ हाताने घाल, मिरची नको. मला मिरची चालते. दोन्ही ताटं वेगळी वाढ. उपाशी ठेवलंस तर कुणाला बोलावून घ्यायचं, ते आम्ही दोघी बसून ठरवू.

लोभ असावा म्हणायचा मान जिवंतांचा. मेलेली पत्र लिहीत नाही, तेव्हा हे शेवटचं.

केहिंदे


लागोस, १९ मार्च १९८४

ती. केहिंदेताईस,

शि. सा. न. तुला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. अलाबालाही लिहिलं, तीही गप्प.

रागावून मी तुझी मूर्ती पेटीतून काढली आणि घरी आणली, चुलीत घालायला. घातली नाही. सुताराला मी तुझा जुना फोटो दिला होता. भुवई तशीच चढलेली आलीय, मी काही चुकलो की तू चढवतेस तशी. चुलीजवळ नेली तर हात पुढे जाईना. मग टेबलावर ठेवली, तर समोर बसून मला जेवता येईना. शेवटी चवळी शिजवली आणि तिच्यापुढे ठेवली. मिरची घालून.

संग्रहालयात तैवोसाठी डबा नेला, तर पहारेकऱ्याने हटकलं. आत खायची परवानगी नाही म्हणे. मी म्हटलं, मी नाही खाणार, माझी ताई खाईल. तो हसला. तैवोला सोडा, नाहीतर राजीनामा देतो, अशी आज साहेबांना धमकी दिली आहे. शनिवारच्या मोटारीने तिला घेऊन येतो. पाठीला बांधून आणीन, कोण काय म्हणायचं ते म्हणू दे.

पण तुझ्या मूर्तीचं काय करू? टाकवत नाही, जाळवत नाही, आणि उपाशीही ठेववत नाही. तू जिवंत असशील तर शनिवारी मोटारतळावर ये आणि चारचौघांत माझ्या थोबाडीत मार.

लोभ नसला तरी चालेल, शिव्या असाव्यात ही विनंती.

तुझा,
इदोवू