बापांच्या गाडीतलं ऑइल

किंतामणी,
शुक्रवार, ३ जुलै २०१५

प्रिय ब्ली सुआर्नाता,

ॐ स्वस्त्यस्तु. आम्ही सगळे इकडे बरे आहोत. तू, वहिनी आणि मुलं देनपसारला खुशाल असाल अशी आशा करते. इथे थंडी फार आहे, दुपार झाली तरी धुकं उठत नाही. संत्री मात्र यंदा झाडांना पेलवत नाहीत इतकी लागली आहेत. गालुंगानच्या सणासाठीच्या डुकराचा आमचा वाटा ठरला, वेशीवरच्या बांबूंची तोडही सुरू झाली.

बहिणीने आपल्या ब्लीला, थोरल्या भावाला, पत्र लिहावं असा काळ राहिलेला नाही, हे मलाही कळतं. पण फोनवर मी ‘ऑइल’ म्हटलं की तू फोन ठेवतोस. गेल्या वेळी तर मी ‘ऑ’ एवढंच म्हटलं होतं. म्हणून हे पत्र रेंतेबमामांच्या संत्र्यांच्या ट्रकबरोबर धाडते आहे. तू फाडलंस तरी तुकडे जुळवून वहिनी वाचेल, याची मला खात्री आहे.

आधी बापांची तब्येत. पायाचं हाड चांगलं जुळलंय. काठी टेकत अंगणातल्या देवळापर्यंत जातात, फुलं वाहतात, परत येतात. कॉफीत साखर कमी घाला असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून मी कमी घालते आणि माझी पाठ वळली की ते वरून घालून घेतात. म्हणजे पूर्वीसारखेच आहेत.

आता तुझा निरोप. गालुंगानच्या दुसऱ्या दिवशी तू मालकाची गाडी घेऊन येणार आणि बापांना कायमचं देनपसारला नेणार, हे तू बापांना कळवलंस, रेंतेबमामांना कळवलंस, आपल्या वाडीच्या बंजारातल्या सगळ्यांना कळवलंस. मला मात्र मी मिरच्या घ्यायला गेले तेव्हा ते बाजारात कळलं. मी विदास्त्राच्या घरात दिली गेले, आता मी त्यांच्या देवांना हात जोडते, बापांच्या घराबद्दल बोलायचा मला हक्क नाही. रीत आहे, मान्य आहे. मग ते घर माझ्या दारापासून चार घरांवर का असेना. लग्न झालेल्या मुलीला त्या घरात मत नसतं, तिथला भात रांधायला आणि बापांचे पाय शेकायला मात्र कुणाची हरकत नसते.

पण मत नाही म्हणून तोंड नाही असं नाही, ब्ली. तू इस्पितळातून परत आलास आणि बंजारच्या सभामंडपात सगळ्यांसमोर काय म्हणालास, ते मला शब्दन् शब्द सांगितलं गेलंय. “रस्मिनीच्या दुकानातलं ऑइल म्हणजे डब्यात भरलेलं गढूळ पाणी. चार पैसे वाचवायला गेली आणि बापाचं हाड मोडलं.” उचलली जीभ लावली टाळ्याला. तू बोललास आणि देनपसारला निघून गेलास. मी इथेच राहते. तेव्हापासून आमच्या गॅरेजमध्ये पंक्चर काढायला येतात, ऑइल बदलायला मात्र खालच्या गावात जातात. विदास्त्रा दिवसभर तेच ते नटबोल्टचे पाने पुसत बसलेला असतो. तो तुला एका शब्दाने बोललेला नाही. तो नाही बोलत म्हणून मला जास्त राग येतो.

स्वस्त ऑइल चांगलं असतं का, हे मला गिऱ्हाईक रोज विचारतं. तू कधी विचारलं नाहीस. माझा भाऊ आयुष्यभर गाड्या चालवतो, बहीण ऑइल विकते, आणि त्याने कधी तिला एवढंही विचारू नये? असो. मी जे सगळ्यांना सांगते तेच तुला लिहिते. स्वस्त म्हणजे वाईट असं नाही आणि स्वस्त म्हणजे चांगलं असंही नाही. पुढचं चित्र बघायचं नाही, बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायची. हे ऑइल कुठल्या इंजिनासाठी केलंय आणि कुठल्या परीक्षेत उतरलंय, ते तिथे लिहिलेलं असतं. ज्या बाटलीवर तसं काहीच लिहिलेलं नाही, ती फुकट मिळाली तरी घ्यायची नाही. अशी दोन नावं विदास्त्राने मागेच दुकानातून हाकलली. मी विकते त्या घोडाछाप बाटलीवर सगळं लिहिलेलं आहे. तिची किंमत कमी, कारण तिची जाहिरात नाही, शर्यतीतल्या पोरांच्या पाठीवर तिचं नाव नाही. वेळेवर बदललं तर त्यात काही खोट नाही. रेंतेबमामांचा नातू त्यावरच रोज तिठ्यापर्यंत चढ चढतो.

आणि महागाचं म्हणशील, तर बनावट होते ती महागाच्याच बाटलीची. रिकाम्या बाटल्या विकत घेणारे लोक फिरतात, त्यात काय भरून परत बाजारात येतं ते देव जाणे. म्हणून विदास्त्रा प्रत्येक रिकामी बाटली गिऱ्हाइकासमोर स्क्रूड्रायव्हरने भोसकतो. घोडाछापची बनावट करण्याइतका कुणी रिकामटेकडा नाही. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, अशातलं आमचं दुकान नाही, एवढं मला म्हणायचं होतं.

तुझ्या सोनेरी बाटलीबद्दल मी काही लिहिणार नाही, असं ठरवून बसले होते.

इथपर्यंत सकाळी लिहिलं. मग बापांचं जेवण घेऊन गेले. आता परत बसले आहे, आणि आता मी सकाळची राहिलेली नाही.

बापा ओट्यावर शेजारच्या म्हाताऱ्यांना सांगत होते, “मुलगा नेतोय मला. देनपसारला. मोटारीतून.” असे छाती फुगवून सांगत होते, की मला वाटलं, चला, यांना आनंद तरी आहे. म्हातारे उठून गेले. मी भात वाढला. बापांनी भाताशेजारची लावारची भाजी नुसती चिवडली आणि म्हणाले, पुढच्या गालुंगानला तुझी आई पितरांबरोबर घरी येईल तेव्हा दारात कोण असेल? मी विचारलं, तुम्हाला जायचंय का? ते म्हणाले, नाही. मग सांगा ना त्याला तसं. तर म्हणाले, सुआर्नाताला नाही कसं म्हणू?

“मग मी सांगते,” मी म्हटलं. “सगळंच सांगते.”

त्यांनी भाताचं पान बाजूला सारलं. “तू मला शब्द दिलायस.”

दिलाय खरा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाते आहे तो त्याच शब्दापायी. आज मी तो मोडते आहे. बापांना हे कधी कळू द्यायचं नाही, आणि हे मी तुला विनंती म्हणून लिहीत नाही.

तुंपेक लांडेपला तू आलास. लोखंडाची पूजा, गाड्यांना नैवेद्य, सगळ्यांच्या हँडलला नारळीच्या पानांच्या माळा. दरवेळेसारखी तू ती सोनेरी बाटली आणलीस, मालकाच्या मोटारीत घालून उरलेली, पण भरभरून उरलेली. बापांच्या गाडीपुढे नैवेद्यात ठेवलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, साहेबांची गाडी जे पिते तेच आता बापांची गाडी पिणार. आधीच्या बाटल्या बापा फळीवर मांडून ठेवत असत, पाहुण्यांना दाखवत असत. मी म्हणे, ठेवू द्या. या वेळी तू म्हणालास, नुसती ठेवू नका, घाला. मला ते माहीत नव्हतं.

तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी बापांनी अंगणात उकिडवं बसून मी नुकतंच घातलेलं घोडाछाप परातीत काढून टाकलं आणि तुझं घातलं. लोखंडाच्या सणाला गाडीला घरातलं सगळ्यात चांगलं द्यायचं, नाही तर देवाला काय वाटेल.

ब्ली, ते ऑइल चांगलंच होतं. अस्सल होतं, उत्तम होतं, मोटारीसाठी. मोटारीचा क्लच कोरडा असतो, वेगळ्या घरात असतो. बापांच्या गिअरच्या मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच ऑइलात बुडालेला असतो. मोटारीच्या ऑइलात निसरडेपणासाठी जे घालतात, ते क्लचच्या प्लेटांना लागलं की त्या एकमेकींना धरतच नाहीत. सपाटीवर कळत नाही. बागेच्या चढावर, मागे संत्र्यांच्या दोन करंड्या असताना, इंजिन बोंबलत राहिलं आणि गाडी पुढे जाईना, ती मागे यायला लागली आणि बापांच्या पायावर आडवी झाली. पुढचं तुला माहीत आहे.

विदास्त्राने गाडी आणून ऑइल काढलं. मला बोलावून बोट बुडवायला सांगितलं, ते घोडाछाप नव्हतं. प्लेटा काचेसारख्या झाल्या होत्या. तुझी बाटली बापांच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या टोपलीमागे सापडली, रिकामी. मी तशीच इस्पितळात गेले. तू बापांना फोनवर आधीच विचारून झाला होतास, की माझं ऑइल घातलं होतंत का, आणि त्यांनी सांगून टाकलं होतं, नाही रे, अजून ठेवलंय, गाडीत रस्मिनीचंच होतं.

चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि सुळी देणारे कोण, तर माझे बापा.

मी तेव्हा विचारलं होतं, असं का केलंत. तेव्हा त्यांनी नुसता माझा हात धरला आणि शब्द घेतला. आज मात्र मी सोडलं नाही. ते काय म्हणाले ते तुला वाचायलाच हवं, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

“त्याच्याकडे मला द्यायला काय आहे, पोरी? घर माझं, बाग माझी, तो चालवतो ती मोटार दुसऱ्याची. एवढी एकच वस्तू तो स्वतः आणतो आणि चारचौघांत सांगतो, बापासाठी आणलीय म्हणून. तीच माझ्या पायावर पडली हे त्याला कळलं, तर तो परत या दारात उभा राहील का?”

मी म्हटलं, “आणि मी? माझं दुकान बसलं त्याचं काय?”

ते म्हणाले, “तू चार घरांवर आहेस. तू कितीही रागावलीस तरी संध्याकाळी येतेसच.”

मला इतका राग आला ब्ली, की भांडी तशीच टाकून मी निघून आले. वाटेत ठरवलं, आज संध्याकाळी जायचंच नाही. बघू देत. आणि आता लिहिता लिहिता चुलीवर त्यांची पेज शिजते आहे. मला माझीच चीड येते. त्यांचं खरं आहे म्हणून जास्त येते. तू दूर गेलास म्हणून तुला जपायचं, मी जवळ राहिले म्हणून मला गृहीत धरायचं. मीही तुझ्यासारखी सणावारी यायला लागले तर माझ्यासाठीही कुणी खोटं बोलेल का, असं वाटून गेलं. आई असती तर तिला विचारलं असतं.

तू मुद्दाम केलं नाहीस हे मला माहीत आहे. पण तू मला विचारलं असतंस तर? बहीण स्वस्त ऑइल विकते, तिला काय कळणार, असंच वाटलं ना तुला? एक फोन केला असतास, तर मी म्हटलं असतं, ब्ली, ही बाटली चांगली आहे पण या गाडीची नाही. एवढंच. मी तुझी टिंगलही केली नसती. थोडी केली असती.

आता तू काय करायचंस ते नीट वाच.

गालुंगानला ये. ठरल्याप्रमाणे मोटार घेऊन ये, बापांना गावातून एक चक्कर मार, म्हाताऱ्यांना दिसू दे. पण त्यांना नेऊ नकोस. कारण तुझं सांग. जागा नाही म्हण, मालक परवानगी देत नाही म्हण, वहिनीला झेपत नाही म्हण. ते तुला नाही म्हणू शकत नाहीत, तेव्हा तूच त्यांना नाही म्हण. त्यांना थोडं वाईट वाटेल, मग रात्री झोप छान लागेल.

बंजारात जाऊन सांग, की तू घोडाछापची चौकशी केलीस, ते ऑइल चांगलं आहे आणि तू रागाच्या भरात बोललास. त्यापलीकडे काही सांगायची गरज नाही. हे केल्याशिवाय माझ्या हातचं जेवायला येऊ नकोस.

आणि बापांच्या पायाशी बसून रडू नकोस. तुझा चेहरा बघून त्यांना सगळं कळेल, आणि मग त्यांनी माझ्या माथी मारलेलं खोटं फुकट जाईल. त्यांच्या समोर ऑइलचा विषय निघालाच, तर माझ्यावर घाल. खुशाल घाल. रस्मिनीचं स्वस्त ऑइल, दुसरं काय, असं मोठ्याने म्हण. मी मान खाली घालून ऐकून घेईन, कॉफी आणून देईन. फक्त त्या वेळी, एकदा तरी, माझ्याकडे बघ.

पेज उतू चालली आहे, थांबते. वहिनीला नमस्कार.

ॐ शांति शांति शांति. तीनदा लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, मनात एकदाही नाही.

बापांच्या समोरची तुझी गुन्हेगार,
रस्मिनी